विद्यार्थी ई-नियतकालिके

विद्यार्थ्यांनी लिहिलेले, बहुतांशी विद्यार्थ्यांनीच संपादिलेले आणि ठराविक कालांतराने आंतरजालावर प्रसिद्ध होणारे नियतकालिक. शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे तसेच विद्यार्थ्यांची स्वतंत्र मंडळे अशी नियतकालिके चालवितात. त्यांत निबंध, कथा, कविता, मुलाखती, ग्रंथपरीक्षणे, प्रवासवर्णने, परिसराच्या पाहणीवर आधारलेले लेख, छायाचित्रे व चित्रे इ. मजकूर असतो. परीक्षेसाठी लिहिलेले उत्तर एकच परीक्षक वाचतो व ते गुण देण्यापुरते वाचतो. नियतकालिकातील लेख मात्र अनोळखी वाचकासाठी असतो आणि त्यास लेखकाचे नाव जोडलेले असते. या दोन गोष्टींमुळे लेखनाची जबाबदारी प्रथमच विद्यार्थ्यावर येते. विद्यार्थी-नियतकालिकाचे शैक्षणिक महत्त्व मुख्यत्वे यातच आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या लेखनास व्यासपीठ मिळवून देण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व अध्यापक यांनी १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेच्या, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेच्या वतीने १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. सभेत निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि मग तो छापून अधिक लोकांपर्यंत पोहोचवावा, हा आजच्या लेखप्रकाशनाचाच क्रम तेथे दिसतो. ‘बालबोधमेवा’ (१८७३) व वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (१९०६) ही मासिके मुलांसाठी होती. तथापि त्यांतील लेखक प्रायः प्रौढच होते.

खानदेशापुरते पाहता साने गुरुजींचे कार्य उल्लेखनीय आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना (१९२४–३०) त्यांनी तेथील छात्रालयात ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित चालविले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. याच सुमारास फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने बार-स्यूर-लू या गावातील शाळेत १९२४ मध्ये छोटे मुद्रणयंत्र आणले. मुलांनी आपल्या अनुभवावर लिहावे, वर्गाने त्यांतील मजकूर निवडावा, सर्वांनी मिळून तो दुरुस्त करावा, मुलांनीच खिळे जुळवून तो छापावा आणि दूरच्या शाळेस पाठवावा, अशी त्याची पद्धत होती. विद्यार्थ्यांसाठीचे नियतकालिक आणि विद्यार्थ्यांचे नियतकालिक यांतील भेद या पद्धतीने स्पष्ट झाला.

महाविद्यालयांतून पुढे दोन रूपे रूढ झाली. फलकावर लावले जाणारे भित्तिपत्रक व एकाच प्रतीचे सजविलेले हस्तलिखित हे पहिले. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस निघणारा छापील वार्षिकांक हे दुसरे. चक्रमुद्रणामुळे तरुणांना संस्थेबाहेरही अल्प खर्चात अंक काढता येऊ लागले. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांनी १९५४ च्या सुमारास काढलेले ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक याचे ठळक उदाहरण होय. चित्रे त्या वेळी विशीच्याही आत होते. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाच्या ‘किशोर’ (१९७१) या मासिकाने शालेय वाचकांना शासकीय पातळीवर नियतकालिक उपलब्ध करून दिले. भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेच्या ‘चकमक’ (१९८५) या हिंदी मासिकाने मुलांच्या स्वतःच्या लेखनासाठी व चित्रांसाठी कायमची पाने राखून ठेवली.

मुद्रित अंकाच्या काही मर्यादा होत्या. छपाई फर्म्यांच्या हिशेबाने होत असल्याने पृष्ठसंख्या आधीच ठरे व चांगले लेखही जागेअभावी वगळले जात. अंक वर्षाअखेर निघे. तोवर अनेक लेखकांनी महाविद्यालय सोडलेले असे. शिवाय तो संस्थेच्या आवाराबाहेर क्वचितच वाचला जाई.

ऑनलाइन रूप : जागतिक महाजाल १९९१ मध्ये सर्वांस खुले झाल्यानंतर विद्यार्थी-पत्रे त्याकडे लवकर वळली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील ‘द टेक’ (स्थापना १८८१) हे विद्यार्थी-वृत्तपत्र १९९३ मध्ये महाजालावर आले. शालेय वयाच्या मुलांच्या अभ्यासपूर्ण लेखनासाठीही स्वतंत्र प्रकाशने निघाली. ‘द कॉन्कॉर्ड रिव्ह्यू’ (१९८७) हे माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या इतिहासविषयक निबंधांना वाहिलेले आहे, तर ‘फ्रंटियर्स फॉर यंग माइंड्स’ (२०१३) या ऑनलाइन नियतकालिकात शास्त्रज्ञांनी मुलांसाठी लिहिलेल्या लेखांचे परीक्षण मुलेच करतात. मराठीत ‘साधना’ साप्ताहिकाने २०१९ मध्ये ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू केले.

मराठी मजकुरापुढे लिपीची अडचण दीर्घकाळ होती. जुन्या संगणकीय टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत. त्यामुळे तोच टंक दुसऱ्या संगणकावर नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड प्रमाणात देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला व प्रत्येक वर्णास निश्चित संकेतांक लाभला. मराठीतील ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. युनिकोडमुळे मराठी लेख कोणत्याही संगणकावर वा भ्रमणध्वनीवर वाचता येतो व त्यातील शब्द शोधता येतात.

लेख पाठविणे : प्रत्येक नियतकालिक आपले निवेदन प्रसिद्ध करते. त्यात विषय, शब्दमर्यादा, अंतिम तारीख, पाठविण्याचा पत्ता किंवा प्रपत्र, निर्णयास लागणारा अवधी आणि हक्कांविषयीच्या अटी दिलेल्या असतात. उत्तम निवेदनात नाकारलेल्या लेखांचे काय होते, हेही सांगितलेले असते. लेखकाने प्रथम मागील दोन-तीन अंक वाचावेत हा संकेत सर्वत्र पाळला जातो. कारण नियतकालिकाचा वाचक कोण, हे निवेदनापेक्षा अंकांवरून अधिक कळते.

लेख सामान्यतः युनिकोडमध्ये टंकलिखित करून, ज्यात संपादकास फेरफार करता येतील अशा धारिकेत पाठवितात. पीडीएफ प्रत किंवा वहीच्या पानाचे छायाचित्र पाठविल्यास संपूर्ण मजकूर पुन्हा टंकलिखित करावा लागतो व नव्या चुका शिरतात. लेखासोबत शीर्षक, लेखकाचे नाव, वर्ग, संस्था व संपर्काचा मार्ग देतात. हा तपशील लेखाच्या धारिकेत न देता स्वतंत्रपणे द्यावा, म्हणजे परीक्षकापासून लेखकाचे नाव दडविता येते. लेख स्वतःचा असून अन्यत्र प्रसिद्ध झालेला वा पाठविलेला नाही, असे निवेदनही घेतले जाते. एकच लेख एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठविणे हा संकेतभंग मानतात. कारण त्यामुळे एकाहून अधिक संपादकांचे श्रम वाया जातात.

छायाचित्रांची बाब ग्रामीण भागात विशेष महत्त्वाची ठरते. भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र काही मेगाबाइट इतके मोठे असू शकते, रुंदी सु. १,२०० बिंदूंपर्यंत कमी केल्यास ते काही शे किलोबाइटांत बसते आणि पडद्यावरील दर्जा फारसा उणावत नाही. मंद जोडणी असलेल्या गावात लेख पाठविता येणे आणि वाचता येणे, दोन्ही अशा साध्या काळजीवर अवलंबून असतात.

उदाहरणादाखल, नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी येथील एखाद्या विद्यार्थिनीने गावातील विहिरींच्या पाण्याविषयी लेख लिहावयाचे ठरविले असे मानू. ‘पाणी हे जीवन आहे’ या धर्तीचा निबंध कोणत्याही गावात बसून लिहिता येतो व म्हणूनच तो वाचकास काही नवे देत नाही. त्याऐवजी तिने दहा विहिरी निवडून दिवाळी, होळी व अक्षय्य तृतीया या सुमारास दोरीने पाण्याची खोली मोजली, मोजणीच्या तारखा नोंदविल्या, विहिरींच्या मालकांना व वृद्धांना विचारून पूर्वीची स्थिती टिपून घेतली आणि विंधन विहिरी कोठे आहेत याचा नकाशा काढला, तर तिच्या लेखातील माहिती अन्य कोणाजवळही नसते. मोजमाप कसे केले हे सांगणे, ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून देणे व दहा विहिरींवरून संपूर्ण तालुक्याविषयी निष्कर्ष न काढणे, एवढी पथ्ये पाळल्यास असा लेख विषयतज्ज्ञालाही उपयोगी पडू शकतो.

परीक्षण व संपादन : आलेल्या लेखांची प्रथम छाननी होते. विषय, मर्यादा व मौलिकता यांच्या दृष्टीने योग्य ठरलेले लेख दोन परीक्षकांकडे देतात. यांत एक विद्यार्थी व एक अध्यापक असणे सोयीचे ठरते. निर्णय चार प्रकारचे असतात : स्वीकृत, किरकोळ दुरुस्तीसह स्वीकृत, पुनर्लेखनानंतर फेरविचार आणि अस्वीकृत. नकार देताना कारण कळविणे हे विद्यार्थी-नियतकालिकाचे विशेष कर्तव्य होय. व्यावसायिक संपादकास ते शक्य नसते, परंतु येथे लेखक घडविणे हाच प्रकाशनाचा हेतू असतो.

संपादन तीन पातळ्यांवर होते. पहिल्या पातळीवर रचना व युक्तिवाद, दुसरीवर वाक्ये व शब्द आणि तिसरीवर शुद्धलेखन व विरामचिन्हे तपासतात. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ मधील १४ व १९७२ मध्ये भर घातलेले ४ असे एकूण १८ नियम आधारभूत मानले जातात. संपादकाने केलेले बदल लेखकास दाखवून त्याची संमती घेणे आवश्यक असते. शिक्षकाने मुलाचा लेख ‘सुधारून’ प्रौढांच्या भाषेत नेला की, त्यातील चुका जातात. पण मूल जे पाहत होते तेही पुष्कळदा निघून जाते. त्यामुळे तथ्याची चूक संपादकाने अवश्य दुरुस्त करावी, अर्थ संदिग्ध असल्यास लेखकास विचारावे आणि केवळ आपणास वेगळे आवडते म्हणून वाक्य बदलू नये, असा दंडक अनेक संपादक पाळतात.

प्रकाशन व जतन : संपादित लेख अंकाच्या स्वरूपात एकत्रित किंवा एकेक करून प्रसिद्ध करतात. संकेतस्थळावरील पानाच्या रूपात दिलेला लेख भ्रमणध्वनीवर सुलभपणे वाचता येतो. पीडीएफ अंकात पृष्ठांक व मांडणी स्थिर राहते. प्रत्येक लेखावर प्रकाशनाची तारीख असावी आणि नंतर दुरुस्ती केल्यास तीही तारखेसह नोंदवावी. मुद्रित अंकातील चूक शुद्धिपत्राने मान्य केली जाते. ऑनलाइन लेख मात्र कोणासही न कळता बदलता येतो, म्हणून या नोंदीचे महत्त्व अधिक आहे.

नियतकालिकांना आयएसएसएन हा आठ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक दिला जातो. मुद्रित व ऑनलाइन आवृत्त्यांचे क्रमांक भिन्न असतात. भारतात हे काम दिल्ली येथील राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातील केंद्राकडे आहे. हा क्रमांक केवळ ओळख पटविण्यासाठी असून तो गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. तो ठळकपणे छापून, परीक्षण न करताच शुल्क घेऊन लेख प्रसिद्ध करणारी प्रकाशनेही आढळतात. विद्यार्थ्याने लेख छापण्यासाठी पैसे मागणाऱ्या नियतकालिकापासून सावध राहावे.

ऑनलाइन प्रकाशनाचा मोठा दोष म्हणजे त्याचे अल्पायुष्य. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क भरले नाही किंवा त्याची व्यवस्था पाहणारा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की, सर्व अंक एकाएकी नाहीसे होऊ शकतात. यासाठी प्रत्येक अंकाची प्रत संस्थेच्या ग्रंथालयात ठेवणे, एक मुद्रित प्रत बांधून घेणे आणि पासवर्ड व्यक्तीकडे न ठेवता संस्थेच्या दप्तरी नोंदविणे हे उपाय योजतात.

हक्क व जबाबदाऱ्या : भारतातील १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार लेखनाचा पहिला हक्कदार सामान्यतः लेखकच असतो, तो विद्यार्थी आहे किंवा अल्पवयीन आहे, यामुळे हक्कास बाध येत नाही. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व स्वाक्षरीसह द्यावा लागतो. अशा लेखात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची व क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. लेखकास आपले नाव लावून घेण्याचा आणि लेखनाच्या विकृतीस हरकत घेण्याचा अधिकारही या अधिनियमाने दिला आहे. विद्यार्थी-नियतकालिकाने सर्व हक्क मागण्याऐवजी प्रथम प्रकाशनाची अनुमती तेवढी घ्यावी, हे न्याय्य ठरते. १८ वर्षांखालील लेखकाच्या बाबतीत पालकांची संमती घेतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या अधिनियमातही मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची तरतूद आहे.

वाङ्मयचौर्य हा सर्वांत वारंवार घडणारा दोष होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये यासंबंधी विनियम केले असून, त्यांनुसार साधर्म्याच्या प्रमाणाप्रमाणे पातळ्या ठरविल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यास शिक्षा नाही. तथापि अशी मोजणी केवळ शब्दांची असते. दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून घेतली, तर ती यंत्रास सापडत नाही. उलट योग्य श्रेय देऊन घेतलेले अवतरणही त्यास साधर्म्य वाटू शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी लेखनसाधने २०२२ नंतर सर्रास उपलब्ध झाल्याने प्रश्न आणखी जटिल झाला आहे. अशा साधनाचा उपयोग कोठे व किती केला, हे लेखकाने सांगावे, असा नियम अनेक नियतकालिके करीत आहेत. विहिरींच्या उदाहरणातील वही, तारखा व कच्च्या नोंदी संपादकास दाखविता येणे, हा यावरील सर्वांत भरवशाचा पुरावा होय.

इतरांच्या खाजगीपणाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. ऊसतोडीसाठी आईवडिलांसह स्थलांतर करणाऱ्या वर्गमित्राविषयी लिहिलेला लेख सहानुभूतीचा असला, तरी त्यात नाव, गाव व छायाचित्र दिल्यास तो मजकूर त्या मुलाच्या नावाशी कायमचा जोडला जाऊ शकतो. भित्तिपत्रक आठवड्याने उतरविले जाते. आंतरजालावरील मजकूर पूर्णपणे उतरविणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याची अनुमती घेणे, नाव बदलणे व तसे बदलल्याचे सांगणे ही रीत पाळतात.

स्वातंत्र्य व नियंत्रण : संस्थेच्या खर्चाने निघणाऱ्या नियतकालिकात विद्यार्थ्याने काय लिहावे, हा वाद जुना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मधील टिंकर खटल्यात विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या आवारातही अबाधित असल्याचे मान्य केले; परंतु १९८८ मधील हेझलवुड खटल्यात, शालेय अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या पत्रातून मजकूर वगळण्याचा मुख्याध्यापकाचा अधिकार ग्राह्य धरला. त्या पत्रातून काढलेली दोन पाने किशोरवयीन मातृत्व व पालकांचा घटस्फोट या विषयांवरची होती, म्हणजे मुलांच्या स्वतःच्या आयुष्यातील प्रश्नांचीच होती. भारतात भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकांस दिले असून त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. व्यवहारात नियंत्रण कायद्यापेक्षा संकोचानेच अधिक होते : वसतिगृहातील जेवण, शिक्षकांच्या रिक्त जागा किंवा गावातील जातिभेद यांविषयीचे लेख पुष्कळदा लिहिलेच जात नाहीत. लेख कोणत्या कारणांनी वगळता येईल हे आधीच लिहून ठेवणे, निर्णय एका व्यक्तीऐवजी मंडळाकडे सोपविणे व ज्याच्यावर टीका आहे त्याचे म्हणणे सोबत छापणे, हे यावरील सुज्ञ मार्ग होत.

नंदुरबार परिसर : धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्यातील सु. ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. साक्षरतेचे प्रमाण सु. ६४ टक्के, म्हणजे राज्याच्या सु. ८२ टक्के या सरासरीहून पुष्कळच कमी होते. येथील महाविद्यालये जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या व आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. शहादा येथील एका मोठ्या शिक्षणसंस्थेस साने गुरुजींचे नाव दिलेले आहे.

या जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी इ. बोली घरोघरी चालतात. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांना प्रमाण मराठी ही शाळेत भेटणारी दुसरी भाषा असते. केवळ शुद्धलेखनावर लेख निवडल्यास हे विद्यार्थी पहिल्याच छाननीत बाद होतात आणि ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे सर्वाधिक आहे त्यांचेच लेखन वाचकांपर्यंत पोहोचत नाही. बडोद्याच्या भाषा संशोधन व प्रकाशन केंद्राने ‘ढोल’ या नियतकालिकाद्वारे आदिवासी भाषांतील मजकूर प्रसिद्ध करून वेगळी दिशा दाखविली. ऑनलाइन अंकात पृष्ठांचे बंधन नसल्याने मूळ बोलीतील मजकूर, त्याचा मराठी अनुवाद आणि लेखकाच्या आवाजातील ध्वनिमुद्रण ही तिन्ही एकत्र देता येतात. पिके, झाडे, नाती, सण व पाणी यांविषयीचे बोलीतील शब्द अर्थासह नोंदविले गेल्यास असा अंक भाषाभ्यासाचे साधनही बनतो.

मूल्यमापन : ऑनलाइन माध्यमाने विद्यार्थी-लेखनाचा खर्च कमी केला, मर्यादा सैल केल्या व वाचक वाढविला. परंतु वाचक वाढल्याने लेखन आपोआप सुधारत नाही. त्यासाठी सावकाश वाचणारा संपादक, कारणासह दिलेला नकार व पुनर्लेखनाची संधी या जुन्याच गोष्टी लागतात. ज्ञानप्रसारक सभेतील निबंधाला आणि फ्रेनेच्या वर्गातील मजकुराला छापण्यापूर्वी ऐकणारे लोक लाभले होते. आजच्या विद्यार्थ्याला प्रकाशनाचे साधन खिशात मिळाले आहे. ऐकणारा संपादक मिळवून देण्याचे काम अद्याप शाळा-महाविद्यालयांकडेच आहे.